ब्लाइंड बॉक्समधली बीजेडी : पहिली बाहुली घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

डबा उघडण्याची हौस वेगळी आणि बाहुली सांभाळण्याची हौस वेगळी. ब्लाइंड बॉक्स म्हणजे आत कोणती बाहुली आहे हे उघडेपर्यंत न कळणारा बंद डबा. त्यातली बीजेडी, म्हणजे सांधे वळणारी बाहुली, या दोन्ही हौशी एकाच झाकणाखाली विकते, आणि नव्याने या नादाला लागलेल्यांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. डबा उघडण्याचा आनंद अर्ध्या मिनिटाचा. आतली बाहुली मात्र पुढे वर्षानुवर्षं शेल्फवर बसणार असते, तिला कपडे लागणार असतात, कधीतरी तिचा गुडघा सैल पडणार असतो. पुढे जे लिहिलं आहे ते बाहुलीच्या बाजूने आहे. डब्याच्या बाजूने बोलायला जाहिराती आहेतच.

बीजेडी म्हणजे बॉल-जॉइंटेड डॉल. मान, खांदे, कोपर, मनगटं, कंबर, मांड्या, गुडघे, घोटे अशा सगळ्या ठिकाणी गोळा आणि खोबण असलेली, हवी तशी वळवून बसवता येणारी बाहुली. १९व्या शतकातल्या जर्मन आणि फ्रेंच बाहुल्यांनाही गोल सांधे असत, पण आजचा छंद उभा राहिला तो जपानच्या व्होल्क्स कंपनीने १९९९ साली सुपर डॉल्फी बाजारात आणली तेव्हापासून. त्या बाहुल्या रेझिनच्या (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या कडक प्लास्टिकच्या), आतून इलॅस्टिक दोरीने ओवलेल्या आणि महाग. एकेक बाहुली ऑर्डर दिल्यावर ओतली जायची, तिच्यासाठी महिनोन्महिने थांबावं लागायचं. ब्लाइंड बॉक्सचा धागा वेगळा. जपानमधली कॅप्सूल खेळण्यांची यंत्रं, मग २००१ पासून बंद डब्यांतून विकले जाणारे बेअरब्रिक (अस्वलाच्या आकाराच्या छोट्या मूर्ती), मग २०१६ साली पॉप मार्ट या चिनी कंपनीने मॉली या पात्राची राशिचक्र मालिका काढल्यावर चीनमध्ये आलेली लाट. हे दोन धागे चिनी खेळणी उत्पादकांनी एकत्र विणले. पेनीज बॉक्स, सायमनटॉइज अशा नावांखाली छोट्या, प्लास्टिकच्या, पण खरोखर सांधे वळणाऱ्या आणि कपडे बदलता येणाऱ्या बाहुल्या बंद डब्यांतून यायला लागल्या. रेझिनच्या मोठ्या बाहुलीच्या किमतीचा एक छोटा तुकडा मोजून सांधे, विग, डोळे, शिवणकाम हे सगळं हाताळून बघता येतं. या छंदात शिरायचं हे सगळ्यात स्वस्त दार आहे, फक्त त्या दाराशीच रेंगाळून खिसा रिकामा होऊ द्यायचा नाही.

१. चेहऱ्याआधी माप बघा

नवा माणूस चेहरा बघून भाळतो, जुना आधी उंची विचारतो. मोठ्या बाहुल्या माणसाच्या उंचीच्या १/३ मापाच्या, म्हणजे साधारण ६० सेंटीमीटरच्या. त्याखाली १/४ (४० ते ४५ सेंमी), १/६ (२५ ते ३० सेंमी), मग १/८ आणि १/१२. ब्लाइंड बॉक्समध्ये येणाऱ्या बहुतेक बाहुल्या १/१२ म्हणवल्या जातात आणि तळहातावर मावतात.

पण हा अपूर्णांक फार मनावर घेऊ नका. १/१२ म्हणून विकली जाणारी एक बाहुली ११ सेंटीमीटरची असते, दुसरी १६ची. दोघींचं डोकं अंगाच्या मानाने भलं मोठं, त्यामुळे टोपी एका मापाची आणि फ्रॉक भलत्याच मापाचा लागतो. जपानच्या ओबित्सू कंपनीचं ११ सेंटीमीटरचं अंग इतकं रुळलंय की 'ओबी११' हे छोट्या बाहुल्यांच्या कपड्यांचं एक मापच होऊन बसलंय. तुमच्या मालिकेच्या वर्णनात 'ओबी११चे कपडे बसतात' असं असेल तर पुढची कपड्यांची चिंता निम्मी मिटली. तसं नसेल तर उंची, छाती, कंबर, नितंब, पावलाची लांबी आणि डोक्याचा घेर ही सहा मापं आधी मिळवा. विक्रेत्याकडे ती नसतील, तर ज्यांच्याकडे ती बाहुली आहे त्यांना विचारा. या छंदातली माणसं मापं द्यायला एका पायावर तयार असतात.

आणखी एक गोष्ट डब्यावरच तपासायची : बाहुली खरंच सांध्यांची आहे का? त्याच कंपनीच्या, त्याच पात्राच्या न वळणाऱ्या मूर्तीही तशाच डब्यात येतात. डब्यावरचं चित्र बघून फरक कळत नाही. वर्णनात सांध्यांची संख्या, 'कपडे काढता येतात', 'विग बदलता येतो' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. काही मालिकांत सांधे असतात पण केस डोक्यावर कोरलेले असतात, म्हणजे विग कधीच बदलता येणार नाही. ते चालत असेल तर घ्या, पण माहीत असून घ्या.

२. पहिली बाहुली बंद डब्यातली घेऊ नका

हे वाचून ब्लाइंड बॉक्सच्या चाहत्यांच्या भुवया उंचावतील, पण माझा सल्ला हाच आहे. ज्या मालिकेवर मन बसलंय, तिच्यातली आवडती बाहुली उघडलेल्या डब्यातली, म्हणजे कोणती आहे हे नक्की ठाऊक असलेली, विकत घ्या. लोकप्रिय पात्र असेल तर ती बंद डब्यापेक्षा थोडी महाग पडेल, फारसं कोणाला नको असलेलं असेल तर स्वस्तही मिळेल.

कारण साधं आहे. एका मालिकेतल्या सगळ्या बाहुल्यांचं अंग बहुधा एकाच साच्यातलं असतं. बदलतो तो चेहऱ्याचा रंग, विग, कपडे आणि हातातली चीजवस्तू. म्हणजे एक बाहुली हातात आली की अख्ख्या मालिकेचे सांधे कसे आहेत, ती स्वतःच्या पायांवर उभी राहते का, कपडे काढताना शिवण उसवते का, हे सगळं कळतं. चार बंद डबे फोडल्यावर या अंगाचा गुडघा काटकोनातसुद्धा वळत नाही हे कळण्यापेक्षा एकीवर कळलेलं बरं.

ती बाहुली महिनाभर वापरा. वापरा म्हणजे कपडे बदला, बसवा, फोटो काढा. तिला नुसतं शेल्फवर ठेवून दिलंत आणि पुन्हा हातच लावला नाही, तर तुम्हाला कदाचित सांध्यांची बाहुली नको, छोट्या मूर्तीच हव्या आहेत. त्यात कमीपणा काही नाही, आणि त्या स्वस्तही असतात.

पुढे बंद डबा घ्यावासा वाटला तर मालिकेचं चित्रपत्रक समोर ठेवा आणि जी आली तर हिरमोड होईल अशा प्रत्येक बाहुलीवर फुली मारा. सीक्रेट, म्हणजे मालिकेतली क्वचितच निघणारी गुपित बाहुली, मोजू नका, ती नाहीच असं समजा. निम्म्यापेक्षा जास्त फुल्या पडल्या, तर ही मालिका तुमच्यासाठी डब्यातली नाही, उघड्यावर निवडून घ्यायची आहे. एकदोनच फुल्या असतील, तर खुशाल घ्या.

३. झाकल्या मुठीचं गणित

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे विक्रेत्याला पक्कं ठाऊक असतं. ग्राहकालाही थोडा हिशेब ठाऊक असावा.

मालिकेत साधारणपणे ६ ते १२ नेहमीच्या बाहुल्या असतात आणि एक सीक्रेट, जिचं चित्र पत्रकावर काळ्या सावलीत दाखवलेलं असतं. डबे एका मोठ्या खोक्यात भरून येतात. १२ बाहुल्यांची मालिका असेल तर खोक्यात १२ डबे, आणि सहसा प्रत्येकात वेगळी बाहुली. अशी १२ खोकी मिळून एका पेटीत १४४ डबे भरतात, आणि त्यात एखादी सीक्रेट कुठल्यातरी नेहमीच्या बाहुलीची जागा घेते. डब्यावर १/१४४ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हा. सहाच्या मालिकेत तोच आकडा १/७२ होतो. चीनच्या बाजार नियामकाने जून २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक नियमांत विक्रेत्यांनी ही शक्यता जाहीर करावी आणि ८ वर्षांखालच्या मुलांना ब्लाइंड बॉक्स विकू नयेत असं म्हटलं आहे. त्यामुळे आकडा शोधला तर बहुधा सापडतो. जिथे शोधूनही सापडत नाही, तिथे खरेदी न केलेली बरी.

आता समजा, १२ पैकी तुम्हाला एकच हवी आहे आणि तुम्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून सुटे डबे घेताय. १२ डबे घेतले तरी ती मिळण्याची शक्यता सुमारे ६५ टक्केच. म्हणजे अख्ख्या सेटचे पैसे घालवून तिघांतला एकजण रिकाम्या हाताने परत येतो. पूर्ण सेट सुट्या डब्यांतून जमवायचा म्हटलं तर सरासरी ३७ डबे लागतात. सहाच्या मालिकेतही सरासरी १५च्या आसपास. 'आता एकच उरली आहे' ही अवस्था सगळ्यात महागडी, कारण त्या एकीसाठी प्रत्येक डब्यामागे पुन्हा बारात एक एवढीच आशा असते, आणि आधीच्या अकरा डब्यांचं पुण्य तिथे कामाला येत नाही.

सीक्रेटचं तर विचारूच नका. १/१४४ असेल तर १२ सुटे डबे घेऊन ती मिळण्याची शक्यता ८ टक्के, शंभर डब्यांनंतर जेमतेम निम्मी. १४४ घेतले तरी ६३ टक्क्यांच्या पुढे जात नाही. सीक्रेटच हवी असेल तर ज्याला ती लागली आहे त्याच्याकडून घ्यावी. तिची किंमत ऐकून पोटात गोळा येतो, तरी डबे फोडत बसण्यापेक्षा ती कमीच भरते.

एकाच सीलबंद खोक्यातले डबे घेतले की हे गणित तुमच्या बाजूने झुकतं, कारण एकदा आलेली बाहुली त्यात पुन्हा येत नाही. बाराच्या खोक्यातले चार डबे घेतले तर हवी ती मिळण्याची शक्यता बरोबर एक तृतीयांश, सहाच्या खोक्यातले तीन घेतले तर निम्मी. सगळ्यात शहाणपणाचा मार्ग म्हणजे चारपाच जणांनी मिळून अख्खं खोकं घ्यायचं. मात्र पैसे देण्याआधी दोन गोष्टी लेखी ठरवा : कोणाला कोणती, आणि सीक्रेट निघालीच तर ती कोणाची. सीक्रेट ज्या बाहुलीची जागा घेईल, तिच्या मालकालाच ती मिळावी हा नियम मला सगळ्यात न्याय्य वाटतो. हे आधी ठरलं नाही तर चांगली मैत्री एका बोटभर बाहुलीपायी नासते.

दर महिन्याचा आकडा ठरवा, तो रुपयांत ठेवायचा की डब्यांत हे तुमचं तुम्ही बघा. पण त्यात डाकखर्च, आयातकर आणि कपडे धरा. बाहुली स्वस्त आणि तिचा संसार महाग, हे या छंदात ठरलेलंच.

४. बंद म्हणजे खरंच बंद का?

सुटा डबा घेताना एक धोका असतो तो पुन्हा चिकटवलेल्या डब्याचा. कोणीतरी डबे उघडून किंवा वजन करून चांगल्या बाहुल्या बाजूला काढतं आणि उरलेल्या 'ब्लाइंड' म्हणून विकतं. घेरदार झगा आणि मोठा विग असलेली बाहुली काही ग्रॅमनी जड भरते, तेवढा फरक छोट्या काट्यावर कळतो. म्हणून शक्य तिथे पूर्ण सीलबंद खोकं घ्या, किंवा दुकानदाराने तुमच्यासमोर खोकं फोडून त्यातला डबा द्यावा असा आग्रह धरा. डब्याची चिकटपट्टी दुहेरी दिसली, कडेला कागदाचे धागे निघालेले दिसले, आतली पिशवी फाडून पुन्हा दुमडलेली दिसली, तर शंका घ्यायला जागा आहे.

नकली बाहुल्याही असतात. खूण एखादी नसते, तीनचार मिळून असतात : छपाईचा रंग मळका, अक्षरांच्या कडा पुसट, प्लास्टिकला उग्र वास, साच्याच्या जोडरेषा गालावरून गेलेल्या, चेहऱ्यावरचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित वर. पुष्कळ कंपन्या डब्यावर खरवडून बघायचा पडताळणी कोड देतात. उघडलेली बाहुली घेताना डब्याचा फोटो आणि तिच्यासोबतचं ओळखकार्ड मागा. किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून कमी असेल तर उत्तर किमतीतच आहे.

५. डबा उघडताना

उघडण्याआधी फोन टेकवून व्हिडिओ सुरू करा, डब्याची सहाही अंगं दाखवा आणि कात्री लावा. हौसेसाठी नव्हे. एखादा हात कमी निघाला किंवा चेहऱ्यावर ओरखडा असला, तर बदलून मागताना एवढाच पुरावा चालतो.

आत सहसा ओळखकार्ड, चंदेरी किंवा अपारदर्शक पिशवी, त्यात पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली बाहुली, वेगळ्या पुडीत बूट, जास्तीचे हात, स्टँड असं निघतं. गुंडाळणी लगेच फेकू नका, चेहऱ्यावरचं प्लास्टिकचं कवच तर मुळीच नको. प्रवासात त्याच्याइतकं चेहऱ्याच्या मापाचं संरक्षण दुसरं मिळत नाही. पुड्या पांढऱ्या कापडावर उघडा. तांदळाएवढं बकल फरशीवर पडलं की गेलंच.

मग तपासणी. उजवा हात उजवीकडेच आहे ना, दोन्ही पाय एकाच लांबीचे आहेत ना (कारखान्यात दोन डावे पाय बसवलेले असू शकतात), ओठांचा रंग हनुवटीवर उतरलेला नाही ना, विगखालचं डोक्याचं झाकण नीट बसतं ना. सांधे या टप्प्यावर जोरात वळवायचे नाहीत.

घरात लहान मूल असेल तर हा सगळा पसारा टेबलावर, बंद खोलीत. काही बाहुल्यांच्या हातात, मानेत किंवा डोक्याच्या झाकणात छोटी लोहचुंबकं असतात, आणि एकापेक्षा जास्त चुंबकं पोटात गेली तर आतडी चिमटून मोठी इजा होते. डब्यावर १४ किंवा १५ वर्षांवरील असं छापलेलं असतं, ते गंमत म्हणून नसतं.

६. सांधे

बीजेडीची खरी ओळख इथे होते, म्हणून इथे घाई करू नका.

रेझिनच्या मोठ्या बाहुलीत डोक्यापासून पायांपर्यंत इलॅस्टिक ओवलेलं असतं आणि ताणाच्या जोरावर सांधे जागेवर राहतात. ब्लाइंड बॉक्समधल्या छोट्या बाहुल्यांत बहुतेक वेळा इलॅस्टिक नसतं. एबीएस किंवा पीव्हीसी या प्लास्टिकचे तुकडे खुंटी आणि खोबणीने एकमेकांत बसवलेले असतात. म्हणून तुमची बाहुली कोणत्या जातीची आहे ते आधी बघा. मांडी हळूच ओढली आणि ती लवचिकपणे थोडी बाहेर येऊन परत गेली, तर आत इलॅस्टिक आहे. नुसती घट्ट बसून राहिली तर खुंटी आहे, आणि आणखी ओढायचं नाही.

नव्या बाहुलीचा कोपर किंवा गुडघा अडला तर तो जोराने वळवू नका. खुंटी सांध्याच्या आतच तुटते, आणि तुटलेला तुकडा खोबणीतून बाहेर काढणं हे सुईने काटा काढण्याइतकं नाजूक काम. केस वाळवायचा ड्रायर मंद ठेवून वीतभर अंतरावरून वीसेक सेकंद ऊब द्या, मग सांध्याच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळ धरून हळूहळू पुढेमागे करा. पिंढरी टोकाला धरून वळवली की सगळा जोर खुंटीवर येतो, गुडघ्यालगत धरली की येत नाही. तरीही अडलं तर सिलिकॉन तेलाचा थेंब टाचणीच्या टोकाने सांध्यात सोडा. शिवणयंत्राचं किंवा कुलपाचं तेल वापरू नका, खनिज तेलांनी काही प्लास्टिकांना तडे जातात.

सैल सांध्याचा इलाज उलटा. खुंटीचा सांधा उघडता येत असेल तर गोळ्यावर पांढऱ्या गोंदाचा अगदी पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, म्हणजे रात्रभर, आणि मग बसवा. ओला असताना बसवला तर सांधा कायमचा चिकटला म्हणून समजा. इलॅस्टिकच्या बाहुलीत खोबणीच्या आत मऊ चामड्याची पातळ चकती चिकटवतात, त्याने पकड येते आणि बाहुली पोझ सोडत नाही.

उभं राहणं हा वेगळा विषय. मोठं डोकं आणि इवलीशी पावलं म्हटल्यावर छोट्या बाहुलीचा तोल जाणारच. दोन्ही गुडघे किंचित मागे, घोटे सरळ आणि डोकं जरा मागे झुकवून बघा. तरी पडत असेल तर स्टँड वापरा. शेल्फच्या काठाशी विनाआधार उभी केलेली बाहुली दार आपटल्यावर खाली येते आणि नेमकी नाकावर पडते.

७. कपडे, विग, डोळे

बाही चढवताना बोटं अडकतात. हात मनगटातून निघत असतील तर ते काढून बाही घाला आणि मग हात लावा. निघत नसतील तर हातावर पातळ प्लास्टिक पिशवीचा छोटा तुकडा गुंडाळा, बाही त्यावरून सरकवा, आणि दुसऱ्या टोकाने प्लास्टिक ओढून घ्या. पँट आणि मोज्यांनाही हीच युक्ती. कपडे मागून पूर्ण उघडणारे, टिचबटणांचे किंवा पातळ वेल्क्रोचे घ्या. जाड वेल्क्रो विगच्या केसांत अडकून त्यांची पार वाट लावतो.

विगचं माप म्हणजे डोक्याचा घेर. दोरा कपाळावरून कानांच्या वरून मागे फिरवा आणि पट्टीवर मोजा. विग घसरत असेल तर डोक्यावर सिलिकॉनची पातळ टोपी घाला. विंचरताना टोकापासून सुरुवात करून वर जा, एका हाताने मुळाशी धरून.

डोळे बदलता येणारे असतील तर ते डोक्याच्या आतून पुट्टीने चिकटवलेले असतात. त्यांचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. साधा चिकट गोळा वापरला तर तो कालांतराने तेल सोडतो आणि प्लास्टिकवर डाग उमटतो, म्हणून बाहुल्यांच्या डोळ्यांसाठीचीच पुट्टी घ्या. डोळे छापलेले असतील तर हा उपद्व्यापच नाही.

८. डाग आणि ऊन

काळा, लाल, गडद निळा कपडा बाहुलीच्या अंगाला रंग लावतो. सगळेच कपडे लावतात असं नाही, पण कोणता लावेल हे आधी सांगता येत नाही. नवा गडद कपडा कोमट पाण्यात धुवा, पाणी रंगीत निघणं थांबेपर्यंत. ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. फडकं कोरं राहिलं तरी आतून पांढरे मोजे किंवा पातळ आतला कपडा घाला, आणि गडद पोशाख फोटोपुरता ठेवून काढून टाका. डाग पडलाच तर सगळ्यात सौम्य उपाय आधी : साबणाचं पाणी, मग मेलामाइन स्पंज (डाग घासून काढणारा पांढरा स्पंज) अगदी हलक्या हाताने, आणि चेहऱ्याच्या रंगापासून लांब. बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम लावून डाग उतरवतात, पण ते अंगाचा मूळ रंगही फिका करू शकतं. म्हणून पाठीवर लपलेल्या डागावर ते लावायचं धाडस करू नका, तो डाग कपड्याखाली झाकलेलाच चांगला.

ऊन टाळा. रेझिन तर उन्हाने पिवळं पडतंच, प्लास्टिकचा रंगही उडतो आणि विगचे केस विटतात. मऊ पीव्हीसीचे बूट किंवा पिशव्या रंगवलेल्या भागाला चिकटवून महिनोन्महिने ठेवल्या तर दोन्ही एकमेकांत मुरतात, म्हणून चीजवस्तू कागदात गुंडाळून वेगळी ठेवा.

९. दुसरी तीच आली तर

येणारच. आधी अदलाबदल करून बघा, ज्यांना तुमची नकोशी हवी आहे अशी माणसं असतात. अदलाबदलीत दोघांनी पाठवण्याआधी ताजे फोटो द्यावेत, सांध्यांच्या जवळून काढलेले.

पण नकोशी बाहुली चेहरा रंगवायला शिकण्यासाठी सगळ्यात उत्तम. याला फेसअप म्हणतात, आणि हौशी माणसाच्या हातून पहिला फेसअप बिघडतो हे धरूनच चला. डोकं अंगापासून वेगळं करा, विग आणि डोळे काढा. जुना रंग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, अॅसिटोनने एबीएस वितळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन आधी डोक्याच्या आतल्या बाजूला लावून बघा. प्लास्टिक चिकट झालं नाही तरच चेहऱ्याला लावा. काही छापील चेहरे तरीही निघत नाहीत, मग त्या चेहऱ्यावर फक्त गालांची लाली आणि भुवया वाढवायचा सराव करा.

रंगाआधी मॅट सीलरचा, म्हणजे चकाकी नसलेल्या संरक्षक फवाऱ्याचा, थर हवा. मिस्टर सुपर क्लिअर हा या कामात सगळीकडे वापरला जाणारा फवारा. त्याने गुळगुळीत प्लास्टिकला किंचित खरखर येते आणि पेस्टलची पूड, वॉटरकलर पेन्सिल त्यावर धरते. पेस्टलची कांडी पातीने खरवडून पूड करा, मऊ ब्रशने गालांना लावा. भुवई एका रेषेत ओढू नका, केसासारख्या छोट्या छोट्या रेघांनी भरा. एक टप्पा मनासारखा झाला की त्यावर सीलर, मग पुढचा टप्पा. पुढे चुकलं तर ओल्या काडीने तेवढंच पुसता येतं, खालचं काम सीलरखाली सुरक्षित असतं.

फवारा कोरड्या हवेत मारा, दमट दिवशी चेहऱ्यावर पांढरट साय चढते. खोलीत मारू नका, मोकळ्यावर मारा, आणि तोंडावर कापडी किंवा धुळीचा मास्क नको, रसायनांची वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मुखवटा हवा. पहिला थर पातळ, अर्धा तास थांबून दुसरा, आणि मुखवटा काढायचा तो तिथून लांब आल्यावरच.